एअर फ्रायर: तेल किती वाचते, आरोग्य किती सुधारते?

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ चिचगड हे गाव आहे. धानाची शेती, जंगल आणि जुने तलाव असलेला हा पूर्व विदर्भाचा भाग झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. इथले रोजचे जेवण म्हणजे भात, वरण, पालेभाजी, अधूनमधून तलावातले मासे आणि सणावाराला बरबटीचे वडे. एअर फ्रायरच्या जाहिरातींत मात्र दिसतात ते फ्रेंच फ्राइज आणि चिकन नगेट्स. त्यामुळे हे यंत्र विकत घ्यावे की नाही, असा प्रश्न झाडीपट्टीतल्या घरात पडला, तर जाहिरातीतून त्याचे उत्तर मिळत नाही. एअर फ्रायर कसा चालतो, कोणत्या पदार्थात तो तेल वाचवतो, कुठे वाचवत नाही आणि आरोग्याच्या हिशोबात त्याचे स्थान काय, याची ही माहिती.

थोडक्यात

- एअर फ्रायर पदार्थ तळत नाही, तो गरम वाऱ्यावर भाजतो. पंखा असलेला तो एक लहान ओव्हन आहे.
- जो पदार्थ नाहीतर भरपूर तेलात तळला गेला असता, तिथेच तेलाची मोठी बचत होते. भात, वरण, भाजी, भाकरी यांत यंत्रामुळे काहीच फरक पडत नाही.
- मीठ, साखर, मैदा आणि पिठात घातलेले मोहन यांचे प्रमाण यंत्र कमी करत नाही.
- रोजच्या फोडणीत माणशी एक लहान चमचा तेल कमी केले, तर होणारा फायदा आठवड्यातून दोनदा तळण टाळण्याच्या जवळपास जातो.
- यंत्र घेण्यापूर्वी 16 अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग आणि संध्याकाळी विजेचा दाब किती असतो, हे तपासावे.

एअर फ्रायर म्हणजे नेमके काय?

यंत्राच्या वरच्या भागात विजेची तार किंवा कॉइल तापते. तिच्या वर बसवलेला पंखा गरम हवा जोराने खाली ढकलतो. ही हवा जाळीच्या टोपलीतल्या पदार्थाभोवती फिरून पुन्हा वर जाते आणि पुन्हा तापते. तापमान साधारण 80 ते 200 अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवता येते. नेदरलँड्सच्या फ्रेड फान डेर वेइ यांच्या कल्पनेवर आधारलेले हे यंत्र फिलिप्स कंपनीने 2010 साली बाजारात आणले. आज अनेक देशी-परदेशी कंपन्या ते बनवतात आणि भारतात चार-पाच हजार रुपयांपासून ते मिळते.

पदार्थ कुरकुरीत होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, पृष्ठभागावरचे पाणी उडून जाणे. दुसरी, कोरड्या झालेल्या पृष्ठभागाचे तापमान साधारण 140 अंशांच्या वर जाणे. तिथे प्रथिने आणि शर्करा यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि खमंग वास व सोनेरी रंग येतो. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, तळलेला वडा या सगळ्यांत हीच क्रिया घडते. कढईत ती 170 ते 190 अंशांच्या तेलामुळे होते, एअर फ्रायरमध्ये वेगाने फिरणाऱ्या हवेमुळे. तेल हवेपेक्षा कितीतरी झपाट्याने उष्णता देते. म्हणून कढईत चार मिनिटांत होणाऱ्या पदार्थाला एअर फ्रायरमध्ये बारा ते पंधरा मिनिटे लागतात आणि तरीही चव व पोत तंतोतंत तसा येत नाही.

तळताना तेल पदार्थात कसे शिरते?

वडा तेलात असताना त्याच्यातल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडत असते. बुडबुडे दिसतात ते याच वाफेचे. वाफ बाहेर येत असेपर्यंत तेलाला आत शिरायला फारशी जागा नसते. वडा बाहेर काढला की तो थंड होऊ लागतो, आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल छिद्रांतून आत ओढले जाते. म्हणजे बरेचसे तेल कढईतून काढल्यानंतरच्या काही क्षणांत आत जाते.

यातून घरातल्या तळणासाठी तीन उपयोगी गोष्टी निघतात. तेल पुरेसे तापले नसेल तर पदार्थ जास्त वेळ तेलात राहतो आणि तेलकट होतो. एकाच वेळी कढईत फार वडे सोडले तर तेलाचे तापमान उतरते आणि तोच परिणाम होतो. आणि पदार्थ बाहेर काढताना झाऱ्यावर नीट निथळून, गरम असतानाच जाळीवर किंवा कागदावर ठेवला तर पृष्ठभागावरचे तेल आत जाण्यापूर्वी निघून जाते. एअर फ्रायर नसलेल्या घरातही एवढ्याने तेलकटपणा कमी होतो.

तेल किती असावे?

एक ग्रॅम चरबीतून 9 किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिनातून 4. म्हणून थोडे तेल वाढले तरी ऊर्जा बरीच वाढते. एक लहान चमचा, म्हणजे 5 मिलिलिटर तेल, सुमारे साडेचार ग्रॅम भरते आणि त्यातून 40 किलोकॅलरी मिळतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2010 मध्ये केलेल्या शिफारशीनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 25 ग्रॅम आणि स्त्रीला 20 ग्रॅम दृश्य चरबी पुरते. दृश्य चरबी म्हणजे स्वयंपाकात वरून घातलेले तेल, तूप, लोणी. शेतात रोवणी-कापणीसारखे कष्टाचे काम करणाऱ्यांना यापेक्षा जास्त चालते. दुसरीकडे, नीती आयोगाच्या 2024 च्या अहवालात देशातील खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला 19.7 किलोवर पोहोचल्याची नोंद आहे. दिवसाच्या हिशोबाने हे सुमारे 54 ग्रॅम होतात. यात हॉटेल, फरसाण आणि पाकीटबंद पदार्थांतले तेलही आले.

आपल्या घरात काय स्थिती आहे हे तपासण्याची सोपी रीत आहे. चार माणसांच्या घरात माणशी 25 ग्रॅम धरले तर दिवसाला 100 ग्रॅम आणि महिन्याला 3 किलो तेल होते. एक लिटरच्या पिशवीत साधारण 910 ग्रॅम तेल असते, म्हणजे महिन्याला सव्वातीन पिशव्यांच्या आसपास. तूप किंवा डालडा वापरात असेल तर तेही यातच मोजावे. महिन्याच्या किराण्यात पाच-सहा पिशव्या येत असतील, तर तेल कुठे जाते हे पाहण्याची गरज आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी 2025 मधल्या 'मन की बात'मध्ये लठ्ठपणाचा उल्लेख करून घरातला तेलाचा वापर 10 टक्के कमी करण्याचे आवाहन केले होते. सव्वातीन पिशव्यांच्या घरात हे दहा टक्के म्हणजे महिन्याला एक तृतीयांश लिटर.

यंत्राने नेमकी किती बचत होते?

एक नमुना हिशोब करून पाहता येईल. समजा, चार माणसांच्या घरात आठवड्यातून दोनदा काहीतरी तळले जाते आणि प्रत्येक वेळी पदार्थात मिळून 100 ग्रॅम तेल शोषले जाते. तोच पदार्थ एअर फ्रायरमध्ये 15 ग्रॅम तेल लावून केला तर दर वेळी 85 ग्रॅम तेल वाचते. महिन्यात आठ वेळा धरले तर 680 ग्रॅम.

ऊर्जेच्या भाषेत हे 6,120 किलोकॅलरी होतात. चार माणसांत आणि तीस दिवसांत वाटले तर माणशी रोजचे सुमारे 50 किलोकॅलरी कमी होतात.

आता दुसरा मार्ग. यंत्र न घेता रोजच्या भाजी-वरणाच्या फोडणीतून माणशी एक लहान चमचा तेल कमी केले, तर माणशी रोजचे 40 किलोकॅलरी कमी होतात आणि घराचे महिन्याला सुमारे 540 ग्रॅम तेल वाचते. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत. आठवड्यातून दोनदा तळण होत नसेल, महिन्यातून दोनदाच होत असेल, तर यंत्राची बचत चौथा हिस्सा होते आणि फोडणीचा चमचा बराच पुढे जातो.

पैशाच्या अंगाने पाहिले तर तेलाचा भाव किलोला 150 रुपये धरून 680 ग्रॅमचे सुमारे 100 रुपये वाचतात. 1,400 वॉटचे यंत्र 20 मिनिटे पूर्ण ताकदीने चालले तर अर्ध्या युनिटच्या जवळपास वीज लागते. युनिटला सरासरी 10 रुपये धरले तर आठ वेळांचे सुमारे 40 रुपये होतात. राहिले महिन्याला 60 रुपये आणि थोडी गॅसची बचत. पाच हजारांचे यंत्र एवढ्या बचतीतून फिटायला सात वर्षांच्या आसपास लागतील. म्हणून "तेलाचे पैसे वाचतील" या कारणासाठी एअर फ्रायर घेण्यात अर्थ नाही. घ्यायचा असेल तर तळणाची सवय बदलायची आहे, कढईसमोर उभे राहणे टाळायचे आहे किंवा घरात हृदयविकार, मधुमेह वा वाढलेले कोलेस्टेरॉल असलेली व्यक्ती आहे, ही कारणे योग्य ठरतात.

झाडीपट्टीतले पदार्थ: काय जमते, काय जमत नाही?

चांगले जमणारे

- मासे: रोहू, कतला, मरळ यांचे तुकडे हळद, तिखट, मीठ, आले-लसूण लावून, वरून तेलाचा हात फिरवून 180 ते 190 अंशांवर 12 ते 15 मिनिटे ठेवावेत. अर्ध्या वेळेनंतर उलटावेत. माशात स्वतःची चरबी असते, त्यामुळे ते कोरडे पडत नाहीत. पूर्व विदर्भासारख्या तलावांच्या भागात या यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग हाच असावा.
- धोप्याच्या पानांच्या वड्या: धोपा म्हणजे अळू. पानांना बेसन लावून गुंडाळ्या आधी वाफवून घ्याव्यात. एरवी त्यानंतर त्या कापून तळल्या जातात. तळण्याऐवजी ब्रशने तेल लावून 180 अंशांवर 10 ते 12 मिनिटे ठेवल्या तर कडा कुरकुरीत होतात. वाफवल्यामुळे आतून शिजलेल्या असतातच.
- वांग्याचे भरीत: वांग्याला टोचे मारून 200 अंशांवर 20 ते 25 मिनिटे, मध्ये एकदा फिरवून. टोचे मारले नाहीत तर वाफ कोंडून वांगे फुटते. चुलीवरचा धुराचा वास मात्र येत नाही.
- शेंगदाणे: 160 अंशांवर 8 ते 10 मिनिटे, दोन-तीनदा हलवून. तेल लागतच नाही.
- बटाट्याच्या फोडी: कापून पाण्यात अर्धा तास ठेवाव्यात, कोरड्या पुसाव्यात, दोन बटाट्यांना एक लहान चमचा तेल चोळावे आणि 190 अंशांवर 15 ते 20 मिनिटे ठेवाव्यात.

बऱ्यापैकी जमणारे

- सांबारवडी: विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पातळ पारीत सांबाराचे सारण भरलेली ही वडी तेल लावून 180 अंशांवर भाजता येते. पारी तळलेल्यासारखी फुलत नाही, थोडी खारी बिस्किटासारखी लागते.
- बरबटीचे वडे: भिजवलेली बरबटी जाडसर वाटून, पाणी न घालता थापलेले वडे दोन्ही बाजूंनी तेल लावल्यास होतात. मध्ये भोक पाडले तर आतून कच्चे राहत नाहीत. तळलेल्या वड्याचा हलकेपणा येत नाही, म्हणून गरम असतानाच खावेत.

न जमणारे

- कांदाभजी आणि पातळ पिठातली इतर भजी: तेलात पडताच पीठ आवळून येते, जाळीवर ते तसे होत नाही. पीठ खाली गळते आणि टोपलीला चिकटते.
- पुऱ्या आणि कुरडया: पुरी फुगण्यासाठी आणि कुरडई फुलण्यासाठी काही सेकंदांत चारही बाजूंनी जोरदार उष्णता लागते. हवेला ते साधत नाही.
- पापड: हलका असल्याने वाऱ्याने उडून वरच्या तापलेल्या कॉइलला लागू शकतो. निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजलेला पापड सोपा आणि सुरक्षित.
- जवस, तीळ: जाळीतून खाली पडतात. चटणीसाठी ते तव्यावरच भाजावेत.
- अनारसे: तुपात तळताना येणारी जाळी गरम हवेत येत नाही.

करंजी, शंकरपाळे आणि चकली यांची गोष्ट वेगळी आहे. ते एअर फ्रायरमध्ये होतात, पण त्यांच्या पिठातच तेल-तुपाचे मोहन असते आणि गोड पदार्थांत साखर असते. वरचे तळण टाळले तरी आतले मोहन व साखर तशीच राहते. "एअर फ्रायरची करंजी" म्हणून दोनऐवजी चार खाल्ल्या तर बचत उलटी होते.

आधीपासून चालत आलेल्या कमी तेलाच्या पद्धती

विदर्भातले पानगे आणि रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजले जातात. उष्ण हवा आणि निखाऱ्याची धग यांवर कणकेचा गोळा भाजणे हेच एअर फ्रायरचे तत्त्व आहे. मात्र भाजून झालेला रोडगा फोडून तुपात बुडवला की बिनतेलाचा फायदा तिथेच संपतो. हाच धडा यंत्रालाही लागू आहे. पदार्थ कसा शिजला याइतकेच महत्त्व नंतर त्यावर काय ओतले याला आहे.

उकडणे, वाफवणे, निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजणे या पद्धतींना तेल जवळजवळ लागत नाही. आप्पेपात्र हा मधला मार्ग आहे. प्रत्येक खळग्यात तेलाचे थेंब टाकून त्यात वड्याचे किंवा भज्याचे पीठ घातले, तर पातळ पीठही गळत नाही. एअर फ्रायरला न जमणारी भजी इथे जमतात. आप्पेपात्राला वीज लागत नाही आणि किंमतही काहीशे रुपयांत असते.

तेलाच्या प्रकाराचाही विचार करावा. पूर्वी विदर्भात जवसाचे तेल खाण्यात होते आणि जंगलपट्टीत मोहाच्या बियांचे तेल वापरले जाई. जवसात ओमेगा-3 गटातले मेदाम्ल भरपूर असते, पण ते उष्णतेने लवकर खराब होते. म्हणून जवसाचे तेल तळणासाठी योग्य नाही, चटणीवर कच्चे घेणे चांगले. एअर फ्रायरमध्ये लावण्यासाठी शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल यांपैकी नेहमीचे रिफाइंड तेल चालते.

तळलेल्या तेलाचे काय?

एअर फ्रायरचा सर्वांत कमी चर्चिला जाणारा फायदा म्हणजे कढईत तेल उरत नाही. घरोघरी वड्यांचे उरलेले तेल बाटलीत भरून पुढच्या तळणाला वापरले जाते. तेल वारंवार तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे वाढत जातात, ते काळे व चिकट होते आणि लवकर धुरकटते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून अन्न व्यावसायिकांसाठी अशा संयुगांची कमाल मर्यादा 25 टक्के ठरवली आहे. त्यापुढचे तेल वापरता येत नाही.

घरात हे प्रमाण मोजता येत नाही. म्हणून राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला सोपा आहे: तळून उरलेले तेल गाळून भाजीच्या फोडणीत वापरावे, एक-दोन दिवसांत संपवावे आणि त्यात पुन्हा तळू नये. त्यासाठी लहान कढई आणि थोडेच तेल घेऊन तळणे हा उपाय उपयोगी पडतो.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. तिथली भजी, जिलेबी किंवा एरवी नाक्यावरचा समोसा यांच्यावर घरातल्या यंत्राचा काहीच परिणाम होत नाही. घरी तळण बंद आणि बाहेरचे रोज सुरू, असे असेल तर आधी बाहेरचे खाणे मोजावे. तेल काळे दिसत असेल, फेस येत असेल किंवा वास खवट असेल तर तो पदार्थ टाळावा.

आरोग्याचे दावे: खरे किती?

एअर फ्रायरने चरबी कमी होते, हा दावा तळणाशी तुलना केली तर खरा आहे. उकडलेल्या बटाट्याशी तुलना केली तर खरा नाही.

ॲक्रिलामाइड हा दुसरा मुद्दा. बटाटा, गहू यांसारखे पिष्टमय पदार्थ साधारण 120 अंशांपेक्षा जास्त तापमानावर तळले किंवा भाजले की हे रसायन तयार होते. अन्नातले त्याचे अस्तित्व 2002 साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी उघड केले. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगाशी जोडले गेले आहे. माणसाच्या आहारातील प्रमाणाबद्दल तसा ठाम पुरावा नाही. एअर फ्रायरमध्ये ते कमी होते का, याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, कारण तापमान आणि वेळेनुसार फरक पडतो. नियम एकच ठेवावा: रंग सोनेरी झाला की थांबावे, गडद तपकिरी होऊ देऊ नये. बटाटा आधी पाण्यात भिजवल्यानेही हे प्रमाण कमी होते. उकडण्यात आणि वाफवण्यात ते जवळजवळ तयार होत नाही.

टोपलीवरचा नॉनस्टिक थर साधारण 260 अंशांच्या वर तापला तर विघटित होऊ लागतो. एअर फ्रायर सहसा 200 अंशांपर्यंतच जातो, त्यामुळे नेहमीच्या वापरात धोका नसतो. तारेची घासणी आणि धातूचा चमचा टाळावा. थर सोलवटू लागला तर टोपली बदलावी.

गोठवलेले फ्राइज आणि नगेट्स बहुतेक वेळा कारखान्यातच एकदा तळलेले असतात आणि त्यांत मीठही बरेच असते. घरी ते बिनतेलाने गरम केले म्हणून ते आरोग्यदायी ठरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी मीठ खावे. लोणचे, पापड, चिवडा हे सगळे त्यातच मोजायचे असते.

वीज आणि सुरक्षितता

गावातल्या घरात यंत्र घेताना विजेचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

- सॉकेट: 1,400 वॉटचे यंत्र 230 व्होल्टवर सुमारे 6.1 अँपिअर प्रवाह ओढते. पंखा-दिव्याचा साधा 6 अँपिअरचा सॉकेट यासाठी पुरत नाही. 16 अँपिअरचा सॉकेट आणि जाड तार हवी. मल्टीप्लग किंवा एक्स्टेंशन बोर्ड वापरू नये.
- अर्थिंग: यंत्राचा प्लग तीन पिनांचा असतो. अर्थिंग चालू आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्यावे.
- कमी दाब: कॉइलची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 ऐवजी 200 व्होल्ट मिळाले तर उष्णता तीन चतुर्थांशांवर येते आणि 180 व्होल्टला सुमारे 61 टक्के उरते. संध्याकाळी दिवे मंद होत असतील तर पुस्तिकेतल्या वेळेत पदार्थ कच्चा राहील. अशा वेळी दुपारी वापरावे किंवा वेळ वाढवावी. मासे आणि चिकन मात्र आतून पूर्ण शिजल्याची खात्री करूनच खावे.
- इन्व्हर्टर: घरगुती लहान इन्व्हर्टर साधारण 700 ते 900 व्हीएचे असतात. त्यांवर एअर फ्रायर चालत नाही.
- जागा: मागची गरम हवा बाहेर पडण्यासाठी भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे. यंत्र चुलीजवळ किंवा गॅसला लागून ठेवू नये.

घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

1. घरात महिन्यातून किती वेळा तळण होते? चारपेक्षा कमी वेळा होत असेल तर यंत्राचा फायदा मर्यादित आहे.
2. तळले जाते ते काय? मासे आणि वड्या असतील तर यंत्र कामाचे, पुरी आणि भजी असतील तर नाही.
3. माणसे किती? चार लिटरच्या टोपलीत पदार्थ एका थरात ठेवला तर दोन-तीन जणांचे एका वेळी होते. सात-आठ जणांच्या कुटुंबाला तीन खेपा कराव्या लागतात. थरावर थर रचले तर हवा फिरत नाही आणि पदार्थ मऊ राहतो.
4. दुरुस्ती कुठे होईल? कंपनीचे सेवा केंद्र जवळच्या शहरात आहे का, हे आधी विचारावे.
5. मिनी ओव्हन किंवा पंखा असलेला ओटीजी घरात आधीच आहे का? असेल तर बरेचसे काम त्यात होते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मधुमेह असलेल्यांनी एअर फ्रायरमधले बटाटे खाल्ले तर चालतात का?
तेल कमी झाले तरी बटाट्यातला स्टार्च तेवढाच राहतो, त्यामुळे रक्तातली साखर वाढतेच. अशा घरात यंत्राचा उपयोग मासे, पनीर, वांगी, भेंडी यांच्यासाठी करणे जास्त फायद्याचे आहे.

अजिबात तेल न लावता पदार्थ होतो का?
शेंगदाणे, वांगे यांना तेल लागत नाही. वड्या आणि बटाट्याला तेलाचा पातळ हात लागतो, नाहीतर पृष्ठभाग पिठूळ आणि चामट राहतो. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शरीरात शोषली जाण्यासाठी जेवणात थोडी चरबी लागतेच.

लहान मुलांचे आणि गरोदर स्त्रियांचे तेल कमी करावे का?
वाढत्या वयात आणि गरोदरपणात ऊर्जेची गरज जास्त असते. मूल वजनाने कमी असेल तर त्याच्या जेवणातले तेल-तूप कमी करू नये. याबाबत अंगणवाडी सेविका, आशा किंवा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

यंत्र घेतले की रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल कमी होते का?
एकट्या यंत्राने होत नाही. मीठ, एकूण तेल, वजन, चालणे, तंबाखू आणि औषधे यांचा परिणाम त्याहून मोठा असतो. 30 वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. यंत्रावर चार-पाच हजार खर्च करण्यापूर्वी ही तपासणी करून घेतली, तर घरात नेमके काय कमी करायचे आहे, तेल, मीठ की साखर, ते कळते.